वेऱ्याचं बिल आणि सरकारचं माप

आमच्या घरी वेऱ्याचं बिल आलं की वाद ठरलेला. बडोद्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, घरपट्टीला आम्ही इथली मराठी माणसंही ‘वेरा’च म्हणतो. पिढ्यान्‌पिढ्या गुजरातीच्या शेजारात राहिल्यावर असे शब्द घरात कधी येऊन बसले ते कळतही नाही. या वर्षी बिल माझ्या भाच्याच्या हातात पडलं. तो सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्याचा कर पगारातूनच कापला जातो आणि त्याचं मत पक्कं आहे. “मामा, सरकार जितकं लहान तितका देश पुढे. सिंगापूर बघ.” आत्या दिवाणावर मेथी निवडत बसली होती. तिने तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलंय. ती म्हणाली, “आणि स्वीडन नाही का बघायचं रे? देशाच्या उत्पन्नातलं अर्धं तिथे सरकार खर्च करतं. झाला का तो देश भिकारी?”

मग दोघंही माझ्याकडे बघायला लागले. दुकानदारांचे हिशेब लिहिण्यात माझी हयात गेली, तेव्हा आकड्यांतला निवाडा मीच करणार अशी त्यांची खात्री. त्या संध्याकाळी मला तो करता आला नाही. नंतर जे वाचलं आणि ताडून पाहिलं, ते इथे मांडतो आहे. कारण हा वाद फक्त आमच्या दांडिया बाजारातल्या घरातला नाही. निवडणुकीच्या सभेपासून शेवउसळीच्या गाडीपर्यंत तो रोज होतो, आणि बहुतेक वेळा दोन्ही बाजू आपापला एकेक देश हातात धरून भांडतात.

आधी माप कशाचं आहे ते पाहू. सरकारचा आकार म्हणताना अर्थशास्त्रज्ञ सहसा एक साधा भागाकार करतात. केंद्र, राज्यं आणि स्थानिक संस्था यांचा मिळून वर्षाचा खर्च वर, आणि देशाचं वर्षाचं एकूण उत्पादन, म्हणजे जीडीपी, खाली. फ्रान्समध्ये हे उत्तर ५७ टक्क्यांच्या आसपास येतं, स्वीडनमध्ये ५० च्या, अमेरिकेत ३६-३७, आपल्याकडे २८-२९ आणि सिंगापुरात बहुतेक वर्षी २० च्या खाली. म्हणजे आत्याचा स्वीडन आणि भाच्याचा सिंगापूर, दोन्ही श्रीमंत, आणि दोघांमध्ये अंतर अडीच पटींचं. एवढ्यावरच शंका यायला हवी की या एका आकड्यातून श्रीमंतीचं कोडं सुटणार नाही.

शिवाय हा आकडा दिसतो तसा नाही. फ्रान्समधल्या शंभर वस्तूंपैकी सत्तावन्न सरकार बनवतं, असा त्याचा अर्थ नाही. त्यातला मोठा भाग नुसता हातातून हातात जातो. सरकारने माझ्याकडून शंभर रुपये कर घेतला आणि आत्याला पेन्शन म्हणून दिला. आत्याने त्याची भाजी आणि औषधं घेतली. भाजी शेतकऱ्याची, औषध कंपनीचं, सरकारने काहीच बनवलं नाही. तरी ते शंभर रुपये सरकारच्या आकारात धरले जातात. भारतात सरकारचा २८-२९ टक्के खर्च धरला, तरी पगार, कार्यालयं, शाळा, दवाखाने, सैन्य चालवण्यावरचा खर्च जीडीपीच्या दहा-अकरा टक्क्यांच्या घरात असतो. उरलेल्यात व्याज, अनुदानं, पेन्शन, बांधकामं असं सगळं येतं.

भागाकाराला छेदही असतो, हे विसरायला होतं. समजा घरात महिना ८०,००० येतात आणि वीस हजार किराणा-औषधाला जातात. म्हणजे २५ टक्के. उद्या एकाची नोकरी गेली, ६०,००० यायला लागले, किराणा मात्र तेवढाच. टक्केवारी ३३ वर गेली. घरात कुणी उधळपट्टी केली का? करोनाच्या वर्षी, २०२०-२१ मध्ये, आपला जीडीपी जवळपास सहा टक्क्यांनी आक्रसला आणि सरकारचा टक्का वर गेला. खर्च वाढला होताच, पण निदान थोडी चढण नुसत्या छेदाने केली होती. अशी मंदीची वर्षं गोळा करून कुणी दाखवलं, की सरकार मोठं झालं तेव्हा वाढ घसरली, तर आजारपणात डॉक्टर घरी येतो म्हणून डॉक्टरमुळेच आजार होतो, असं म्हटल्यासारखं होईल.

आणि वाढीचा दर? तो तर आणखी फसवा. पाचवीतला मुलगा वर्षात दोन इंच वाढतो, त्याचा चाळिशीतला बाप वाढत नाही. म्हणून मुलाचा डबा बापाने खावा असं कुणी म्हणत नाही. गरीब देश दुसऱ्यांनी शोधलेलं तंत्र उचलून भराभर वाढू शकतो; श्रीमंत देशाला नवीन शोधूनच पुढे जावं लागतं. श्रीमंत देशांची सरकारं मोठी असतात आणि त्यांची वाढ हळू असते, या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की एकीमुळे दुसरी झाली असं वाटतं. खरं तर दोन्ही श्रीमंतीतून आलेल्या असू शकतात.

हे एकोणिसाव्या शतकातच आडोल्फ वाग्नर या जर्मन अर्थशास्त्रज्ञाने ओळखलं होतं. त्याचं म्हणणं असं, की देश जसजसा श्रीमंत होतो तसतशी लोकांची सरकारकडून मागणीही वाढते. हे मला आत्याच्या बोलण्यावरून कळलं. तिच्या लहानपणी वाड्यात विहीर होती, अंगणात कंदील होता, आजारपणात काढा होता. तेव्हा नळ, गटार, दिवाबत्ती, हॉस्पिटल, न्यायालय यांबद्दल कुणी तक्रार करत नव्हतं, कारण त्यांची फारशी अपेक्षाच नव्हती. आज पाणी एक दिवस आलं नाही तर सोसायटीच्या ग्रुपवर तीस मेसेज येतात. सरकार वाढलं म्हणून आपण श्रीमंत झालो, की श्रीमंत झालो म्हणून सरकार वाढलं, की दोन्ही एकमेकांना ओढत गेले? नुसत्या तक्त्यातून हे वेगळं काढणं फार कठीण आहे.

किती कठीण, त्याची एक गोष्ट सांगतो. हिशेबनीस म्हणून ती मला झोंबली. २०१० मध्ये कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या दोन नामांकित अर्थशास्त्रज्ञांनी मांडलं, की सरकारी कर्ज जीडीपीच्या ९० टक्क्यांवर गेलं की श्रीमंत देशांची वाढ कोसळते; त्यांच्या सरासरीत तर ती शून्याच्याही किंचित खाली आली होती. युरोपात खर्चकपातीचे निर्णय घेणाऱ्यांनी हा आकडा वेदवाक्यासारखा वापरला. २०१३ मध्ये थॉमस हर्न्डन नावाच्या विद्यार्थ्याने अभ्यास म्हणून तीच गणितं पुन्हा करायला घेतली, आणि ती जुळेनात. मूळ एक्सेलची फाइल मागवली तेव्हा दिसलं, की सरासरी काढताना काही देशांच्या ओळी निवडायच्याच राहून गेल्या होत्या, काही वर्षं वगळली होती आणि देशांना वजन देण्याची पद्धतही विचित्र होती. त्याने आणि त्याच्या प्राध्यापकांनी दुरुस्त केल्यावर सरासरी वाढ २.२ टक्के आली. जास्त कर्जाबरोबर वाढ थोडी कमी दिसते हे खरं राहिलं. पण ९० चा कडा, जिथून देश खाली कोसळतो, तो नाहीसा झाला. एका बेरजेच्या चुकीवर लाखो लोकांच्या पगारा-पेन्शनीचे निर्णय टेकले होते, हे वाचून मला त्या रात्री झोप लागली नाही.

तेव्हा तक्ते बाजूला ठेवू आणि पैसा प्रत्यक्षात काय करतो ते पाहू.

कराचा तोटा कुठे होतो

कर म्हणजे एकाच्या खिशातून काढून दुसऱ्याच्या खिशात टाकणं, एवढंच असतं तर नुकसान काहीच नव्हतं. नुकसान होतं ते न झालेल्या व्यवहाराचं. एक शिंपी आहे, त्याला ब्लाउज शिवायला किमान ४५० रुपये मिळाले पाहिजेत. बाईंची तयारी ५०० पर्यंत आहे. दोघांच्या मध्ये पन्नास रुपयांची मोकळी जागा आहे. चाळीस रुपये कर लागला तरी सौदा होतो. फक्त मोकळ्या जागेतला बराचसा हिस्सा सरकारकडे जातो. कर साठ रुपये झाला की सौदाच मोडतो. शिंप्याला काम नाही, बाईंना ब्लाउज नाही आणि सरकारला कर नाही. हा पैसा कुणाच्याच वहीत दिसत नाही, म्हणून तो कुणी मोजत नाही.

आता गंमत पाहा. कर थोडा असतो तेव्हा फक्त काठावरचे सौदे मोडतात, ज्यात दोघांचा फायदा मुळातच किरकोळ होता. कर दुप्पट केला की मोडणारे सौदे वाढतात आणि मोडलेल्यातला प्रत्येकाचा तोटाही वाढतो. म्हणून ढोबळमानाने दर दुप्पट झाला तर तोटा चौपट होतो. भाच्याची बाजू इथे भक्कम आहे. पहिले काही टक्के कर गोळा करणं स्वस्त पडतं, शेवटचे काही टक्के फार महाग.

खर्चाच्या बाजूला उलटं घडतं. पहिला रुपया पोलीस, न्यायालय, रस्ता, लस, प्यायचं पाणी यांवर जातो, आणि त्याच्याशिवाय बाजारच उभा राहत नाही. पुढचा रुपया शाळेवर, त्यापुढचा विद्यापीठावर आणि असं करत करत शेवटचा रुपया अशा कामावर, की ते झालं काय आणि नाही झालं काय. दोन्ही बाजू एकत्र धरल्या की उपड्या वाटीसारखी एक कमान तयार होते. सरकार वाढतं तशी आधी समृद्धी वाढते, मग सपाट होते, मग उतरते. रॉबर्ट बॅरो यांनी १९९० मध्ये याचं गणित मांडलं.

कमान खरी आहे असं मला वाटतं. तिचा माथा कुठे आहे हे मात्र कुणालाही ठामपणे सांगता आलेलं नाही, आणि कुणी एकच टक्का सांगत असेल तर सावध व्हावं. शेवउसळीवर तर्री किती घालावी याला उत्तर आहे का? उसळ कशी शिजली आहे, शेव कसली आहे, खाणारा कोण आहे, यावर ते ठरतं. प्रामाणिक आणि चटपटीत प्रशासनाला ५० टक्केही पेलतात. जिथे रुपयातले चाळीस पैसे गळतात तिथे वीससुद्धा जड होतात.

स्वीडनची गोष्ट आत्याला मी पूर्ण सांगितली, तेव्हा ती जरा गप्प झाली. १९९३ च्या सुमारास तिथला सरकारी खर्च ६५ टक्क्यांच्याही वर गेला होता. बँका बुडायला आल्या होत्या, सलग तीन वर्षं उत्पादन घटलं होतं. मग त्यांनी पेन्शनची पद्धत बदलली, खर्चाला वरची मर्यादा घातली, आणि आजचा पन्नासच्या घरातला आकडा हा त्या छाटणीनंतरचा आहे. पण भाच्यालाही अर्धीच गोष्ट माहीत होती. इतकं छाटूनही ते सरकार आपल्या दुपटीच्या जवळ आहे आणि देश उत्तम चालला आहे, कारण पैसा गोळा करण्याची त्यांची रीत वेगळी आहे. कंपन्यांवरचा कर २०.६ टक्के, म्हणजे माफकच. खरेदीवरचा कर मात्र बहुतेक वस्तूंवर २५ टक्के. श्रीमंत-गरीब सगळेच भरतात. गुंतवणुकीला हात कमी लागतो. आणि खर्च पाळणाघरांवर, शाळांवर, आरोग्यावर, ज्यामुळे बाया कामाला जाऊ शकतात आणि पोरं शिकतात. इतिहासकार-अर्थशास्त्रज्ञ पीटर लिंडर्ट यांनी शतकभराचे आकडे तपासून हेच दाखवलं आहे: मोठ्या कल्याणकारी राज्यांना वाढीची जेवढी किंमत मोजावी लागेल असं पुस्तकी गणित सांगतं, तेवढी त्यांनी मोजलेली दिसत नाही.

आमच्या शहराची साक्ष

बडोद्यात राहणाऱ्या माणसाला या विषयाची साक्ष काढायला परदेशी जायची गरज नाही.

सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो सबंध संस्थानाला लागू केला. मुलांना शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना दंड होता. ब्रिटिश मुलखात हे तेव्हा नव्हतं; गोखल्यांनी मागणी लावून धरली तरी सरकारने पैसे नाहीत म्हणून टाळलं. खर्चाच्या हिशेबाने पाहिलं तर सयाजीरावांचं सरकार ‘मोठं’ होतं. १८९० मध्ये कलाभवन उघडलं, जिथे रंगकाम, रसायन, यंत्रकाम, चित्रकला शिकवत. दादासाहेब फाळके तिथेच शिकले. पण मला जास्त सांगावीशी वाटते ती वेगळी गोष्ट. कलाभवनाचे प्रमुख होते रसायनशास्त्राचे प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर. त्यांनी, कोटिभास्करांनी आणि भाईलालभाई अमीन यांनी मिळून १९०७ मध्ये अलेम्बिक या औषध-रसायनांच्या कंपनीचा पाया घातला. पुढल्याच वर्षी, २० जुलै १९०८ ला, संस्थानच्या पाठबळाने दहा लाख भरणा भांडवलावर बँक ऑफ बडोदा सुरू झाली. सरकारी पैशाने चाललेली संस्था, तिथल्या माणसांतून खासगी कारखाना, आणि सरकारच्या आधाराने उभी राहिलेली बँक. इथे सरकारने बाजाराची जागा खाल्ली नाही. बाजाराला लागणारी माणसं आणि पत तयार करून दिली.

एका संस्थानाच्या उदाहरणावरून नियम काढू नये, हे मला माहीत आहे. बडोद्याला रेल्वे होती, कापसाचा व्यापार होता, आणि साठ वर्षांहून जास्त काळ एकाच हातात सत्ता होती. तरीही सयाजीरावांच्या काळातल्या न्यायमंदिरावरून जाताना मला दर वेळी वाटतं, की सरकारचा पैसा कुठे लावावा हे त्या माणसाला कळत होतं.

दुसरी साक्ष १९६० नंतरची. अंकलेश्वरला तेल सापडलं, सोव्हिएत मदतीने बडोद्याजवळ कोयलीला रिफायनरी उभी राहिली आणि १९६५ मध्ये ती सुरू झाली. खतांचा कारखाना आला, १९६९ मध्ये आयपीसीएल ही सरकारी पेट्रोकेमिकल कंपनी स्थापन झाली. हा सगळा सरकारी नाहीतर निमसरकारी पैसा. त्याच्या भोवती शेकडो खासगी वर्कशॉप, व्हॉल्व्ह बनवणारे, टाक्या बनवणारे, वाहतूकदार जमले. माझे निम्मे अशील त्यातलेच. आयपीसीएल पुढे २००२ मध्ये खासगी हातात गेली आणि शहर काही थांबलं नाही. उभारायला सरकार लागलं, चालवायला लागलंच असं नाही.

पण याच काळात सरकारचा दुसरा हातही आम्ही पाहिला. १९५१ च्या उद्योग कायद्यानंतर कारखाना काढायला परवाना, वाढवायला परवाना, नवीन वस्तू बनवायला परवाना. आयातीला वेगळा. आमच्या आजोबांनी स्कूटर नोंदवली होती ती सात वर्षांनी आली, आणि तोवर त्यांचे गुडघे गेले होते. आता लक्ष द्या: १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारचा खर्च जीडीपीच्या २० टक्क्यांपेक्षाही कमी होता. टक्केवारीत ते आजच्यापेक्षा बरंच लहान सरकार होतं! माणसाला श्वास घेताना मात्र ते आजच्यापेक्षा कितीतरी मोठं लागायचं. परवानगीचा आकार कुठल्याच अर्थसंकल्पात छापलेला नसतो. २४ जुलै १९९१ ला नवं औद्योगिक धोरण आलं आणि बहुतेक उद्योगांचे परवाने गेले. सरकारचा खर्च त्या दिवशी फारसा घटला नाही. तरी सरकार एका रात्रीत केवढं तरी लहान झालं.

सिंगापूर याच मापाने पाहायला हवं. खर्च कमी, हे भाच्याचं म्हणणं बरोबर. पण तिथली बहुतेक जमीन सरकारच्या मालकीची आहे. चारातले तीन रहिवासी सरकारी मंडळाने बांधलेल्या घरांत राहतात. पगारातला मोठा हिस्सा सक्तीने बचत खात्यात जातो. तो कर नाही, म्हणून आकड्यात येत नाही. टेमासेकसारख्या सरकारी कंपनीकडे मोठमोठ्या उद्योगांचे भाग आहेत. खर्चाने लहान आणि हाताने लांब असं ते सरकार आहे. त्याला ‘लहान सरकार’ म्हणणं म्हणजे वजनकाट्यावर उंची मोजणं.

जाड कुठे, रोड कुठे

मग आपलं सरकार मोठं की लहान? मला सापडलेलं उत्तर असं, की ते एकाच अंगाने पाहून चालत नाही. काही ठिकाणी ते जाड आहे, काही ठिकाणी हाडं दिसतात.

न्यायालयं घ्या. १९८७ मध्ये विधी आयोगाने सुचवलं होतं, दहा लाख लोकांमागे ५० न्यायाधीश हवेत. आज प्रत्यक्ष कामावर असलेले त्याच्या निम्मेही नाहीत. देशभरात पाच कोटींहून जास्त खटले पडून आहेत. याचा बाजाराशी काय संबंध? माझा एक अशील नवीन गिऱ्हाईकाला उधारीवर माल देत नाही. पैसे बुडाले तर कोर्टात वीस वर्षं जातील, त्यापेक्षा ओळखीतल्या चौघांनाच विकतो म्हणतो. त्याचा धंदा चार गिऱ्हाइकांपलीकडे गेला नाही. इथे सरकार कमी पडल्यामुळे व्यवहार मोडतो आहे, शिंप्याच्या उदाहरणात करामुळे मोडत होता तसाच.

दुसरीकडे व्याज. २०२५-२६ च्या केंद्राच्या अर्थसंकल्पात एकूण खर्च ५०.६५ लाख कोटी आणि त्यात व्याजच १२.७६ लाख कोटी. चौथा हिस्सा. तो जुन्या खर्चाची फेड आहे, त्यातून आज एक वर्गही बांधला जात नाही. भांडवली खर्च, म्हणजे रस्ते-रेल्वेसारखं टिकाऊ काही उभारण्यावरचा, ११.२१ लाख कोटी; व्याजापेक्षा कमी. राष्ट्रीय सार्वजनिक वित्त आणि धोरण संस्थेच्या एका अभ्यासात भांडवली खर्चाच्या एका रुपयाने उत्पादनात सुमारे अडीच रुपयांची भर पडताना दिसली, तर वाटून टाकलेल्या रुपयाने जेमतेम रुपयाची. सरकारं रस्ते-रेल्वेवरच्या खर्चाचं कौतुक करतात ते यामुळे.

पण हिशेबनीस म्हणून माझी इथे एक हरकत आहे. शाळेची भिंत भांडवली खर्चात बसते आणि शिकवणाऱ्या बाईंचा पगार महसुली, म्हणजे चालू खर्चात. मुलाच्या पोटात गेलेलं मध्यान्ह भोजनही महसुली. नवं गटार भांडवली, ते दरवर्षी साफ करणं महसुली. वहीतल्या रकान्यावरून काय टिकाऊ आणि काय उडवलेलं हे ठरवलं, तर भिंती वाढतील आणि वर्गात बाई नसतील. आत्याला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “मला तीस वर्षांनी कळलं बघ, आमच्या शाळेत खडू का नसायचा.”

आणि सगळ्यात रोड आहे ते घराजवळचं सरकार. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या अहवालात दिसलं, की देशातल्या नगरपालिका-महापालिकांचं मिळून उत्पन्न जीडीपीच्या एक टक्क्याच्या आसपास वर्षानुवर्षं अडकलं आहे. ब्राझीलमध्ये ते सात टक्क्यांच्या वर, दक्षिण आफ्रिकेत सहा. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने शहरांना कामं दिली, पैशाच्या वाटा तेवढ्या दिल्या नाहीत. आमच्याकडे जकात होती. नाक्यावर ट्रकच्या रांगा, चिरीमिरी, वेळेचा नाश. व्यापारासाठी तो वाईट कर होता आणि २००७ मध्ये गुजरातने तो महापालिकांमधून काढला, हे योग्यच झालं. पण त्याबरोबर शहराचं सगळ्यात मोठं स्वतःचं उत्पन्न गेलं आणि त्या जागी राज्याकडून येणारं अनुदान आलं. वाईट कर गेला, चांगला कर त्याच्या जागी आला नाही. तो चांगला कर कुठला, हे अर्थशास्त्रज्ञ शंभर वर्षं सांगत आहेत: जमीन आणि घर यांवरचा. कारण जमीन कर लागला म्हणून पळून जात नाही, कमीही होत नाही. शिंप्याचा सौदा मोडतो तसा इथे सहसा मोडत नाही. म्हणजे ज्या बिलावरून आमच्या घरी भांडण झालं, ते सगळ्या करांमध्ये वाढीला सर्वांत कमी बाधणाऱ्यांपैकी होतं. आपण चिडतो मात्र त्याच्यावरच जास्त, कारण ते हातात येतं. पेट्रोलमधला कर दिसत नाही.

शहर कर्जही काढू शकतं. बडोद्याने २०२२ मध्ये १०० कोटींचे रोखे विकले, पाणी-मलनिःसारणाच्या कामांसाठी. खरेदीदार मिळाले, कारण फेड करण्याइतकं उत्पन्न आहे असं त्यांना वाटलं. वेरा भरणारे जितके, तितकी शहराची पत.

ऑगस्ट २०२४ चा पूर इथे कुणी विसरलेलं नाही. विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली. भाच्याच्या तळमजल्यावरच्या घरात कमरेएवढं पाणी तीन दिवस होतं. फ्रिज, वॉशिंग मशीन, गाद्या, आत्याने दिलेली शिसवी पेटी. पाणी ओसरल्यावर मी त्याच्याबरोबर विम्याचा अर्ज भरायला बसलो, तेव्हा नुकसानीची बेरीज त्याच्या पंचवीस-तीस वर्षांच्या वेऱ्याएवढी झाली. माझ्या अशिलांपैकी एकाच्या गोदामातला माल गेला, आणि त्याने दोन कामगार कमी केले. पाऊस किती पडावा हे कुणाच्या हातात नाही. पण नदीचं पात्र, तलाव आणि शहरभर पसरलेल्या कांसा, म्हणजे पावसाचं पाणी वाहून नेणारे ओढे-नाले, मोकळ्या असणं, हा खर्च कुठलाही दुकानदार स्वतःपुरता करू शकत नाही. भूखी कांस एकट्याने उपसून कुणाचं दुकान वाचत नाही. सगळ्यांनी मिळून करायचा खर्च तो हाच, आणि त्याचं उद्‌घाटन होत नसल्यामुळे तोच आधी मागे पडतो.

परवा भाचा पुन्हा आला. या वेळी त्याने महापालिकेच्या अर्थसंकल्पाची फाइल मोबाइलवर उतरवून आणली होती, गुजरातीत, दीडशेहून जास्त पानांची. आत्याने चष्मा लावला. तिला गुजराती आमच्या दोघांपेक्षा चांगलं वाचता येतं. एकूण आकडा किती, हे त्याने या वेळी विचारलंच नाही. तो म्हणाला, “आजी, ‘निभाव’ खर्च, म्हणजे देखभालीचा, कुठल्या पानावर आहे ते शोध ना. कांसांचा वेगळा दिलाय का बघू.” ती बोट फिरवत बसली, आणि मी मागच्या तीन वर्षांचे आकडे शेजारी लिहायला वही काढली.